राजा मिळेना म्हणून प्रजासत्ताक: डच लोकांच्या सात प्रांतांची गोष्ट

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे १६४८ सालचा एक कर्जरोखा आहे, कातड्यावर हाताने लिहिलेला. आजच्या नेदरलँड्समधल्या लेक नदीचे बांध सांभाळणाऱ्या मंडळाने तेव्हा १,००० गिल्डर कर्जाऊ घेतले होते, त्याचा हा दस्तऐवज. मुद्दल कधी फेडायचं याची तारीख त्यात नाही. रोखा ज्याच्या हातात असेल त्याला व्याज मात्र देत राहायचं. २०१५ साली ग्रंथालयाने १२ वर्षांचं साचलेलं व्याज मागितलं आणि ते मिळालंही: १३६ युरो २० सेंट. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ही गंमत छापली.

रोखा लिहिला गेला तेव्हा त्या भूमीवर जे राज्य होतं ते १७९५ सालीच संपलं. नेदरलँड्समध्ये आज राजा आहे, तेव्हा नव्हता. सगळा युरोप राजेमहाराजांच्या हाती असताना समुद्रसपाटीच्या खाली-वर असलेला हा दलदलीचा तुकडा राजाविना दोनशे वर्षं टिकला आणि त्यातली निदान पन्नास-साठ वर्षं जगातला सर्वांत श्रीमंत देश होता. तेही कसा, तर ज्याला धड राजधानी नाही, एक तिजोरी नाही, एक आरमार नाही. शाळेत आपण 'डच' शिकतो ते व्यापारी कंपनीच्या रूपात, पोर्तुगीज आणि इंग्रज यांच्या मधल्या एका ओळीत. त्या कंपनीमागचं राज्य काय प्रकरण होतं, हे राहूनच जातं.

राजा होता, पण तो स्पेनमध्ये

सोळाव्या शतकाच्या मध्यावर आजचे नेदरलँड्स, बेल्जियम, लक्झेंबर्ग आणि आसपासचा थोडा भाग मिळून १७ प्रांत होते. ते सगळे हाब्सबर्ग घराण्याच्या पाचव्या चार्ल्सकडे. हा चार्ल्स याच भागात, गेंट शहरात जन्मलेला, त्यामुळे लोकांना तो आपला वाटायचा. १५५५ साली त्याने हे प्रांत मुलाला, दुसऱ्या फिलिपला दिले. फिलिप काही वर्षांत स्पेनला गेला, तो परत आलाच नाही.

प्रांतांना आणि शहरांना त्यांचे जुने हक्क होते, लेखी सनदा होत्या. नवा कर लावायचा तर प्रांताच्या सभेची संमती लागे. त्यातच प्रोटेस्टंट पंथ पसरू लागला आणि फिलिप कट्टर कॅथलिक. १५६६ साली जमावांनी चर्चमधल्या मूर्ती फोडल्या. फिलिपने आल्बाच्या ड्यूकला फौजेसह पाठवलं. आल्बाने खास न्यायालय बसवलं, एग्मोंट आणि होर्न या दोन बड्या सरदारांचा १५६८ साली ब्रसेल्समध्ये शिरच्छेद केला, आणि वर प्रत्येक विक्रीवर दहा टक्के कर मागितला. धर्मासाठी सगळे चिडले नसते कदाचित. त्या कराने चिडले.

पुढची लढाई ८० वर्षं चालली. १५७२ साली बंडखोर खलाशांनी ब्रिल हे बंदर घेतलं. १५७४ साली लायडन शहराचा वेढा उठवायला बंडखोरांनी आपलेच बांध फोडले आणि पाण्यावरून नावा शहराजवळ नेल्या. १५७९ साली उत्तरेच्या प्रांतांनी उत्रेख्तमध्ये एक करार केला. हा करार म्हणजेच पुढे त्या राज्याची घटना, पण लिहिताना कुणाच्या मनात घटना नव्हती. शत्रू अंगावर आहे, तर लढाई आणि खर्च मिळून करू, एवढाच तो ठराव. १५८१ साली त्यांनी फिलिपला राजा मानणं सोडलं. कारण असं दिलं की राजा प्रजेसाठी असतो. मेंढपाळाने कळपच मारायला घेतला तर तो मेंढपाळ राहत नाही.

मग दुसरा राजा शोधला

हा भाग सहसा गाळला जातो, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. फिलिपला काढलं म्हणजे या लोकांना राजाच नको होता, असं नाही. त्यांनी फ्रान्सच्या राजाच्या धाकट्या भावाला, आंजूच्या ड्यूकला गादी दिली. त्याला मर्यादित सत्ता पुरेना. १५८३ साली त्याने अँटवर्प बळाने घ्यायचा प्रयत्न केला आणि मार खाऊन गेला. बंडाचा नेता ऑरेंजचा विल्यम याला हॉलंडचा काउंट करायचं घाटत होतं, तोच १५८४ साली डेल्फ्टमध्ये त्याच्या घरातच त्याला गोळ्या घालण्यात आल्या. मग फ्रान्सच्या तिसऱ्या हेन्रीला विचारलं. तो नाही म्हणाला. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथला विचारलं. तिनेही मुकुट नाकारला, पण फौज आणि लेस्टरचा अर्ल पाठवला. लेस्टरचं हॉलंडच्या व्यापाऱ्यांशी दोन वर्षंही पटलं नाही.

१५८८ पर्यंत उमेदवार संपले. तेव्हा प्रांतांच्या सभांनी ठरवलं की सार्वभौम सत्ता आमचीच. कुठल्याही तत्त्ववेत्त्याने आखलेलं हे प्रजासत्ताक नव्हतं. रिकाम्या खुर्चीभोवती तयार झालेली ही व्यवस्था होती, आणि खुर्ची भरायची राहून गेली.

सात इमारती, एक फेडरेशन

एका मोठ्या वसाहतीत सात इमारती आहेत असं समजा. प्रत्येकीची स्वतःची सोसायटी, स्वतःचे नियम, स्वतःचं बँक खातं. कुंपण आणि रखवालदार यांच्यापुरतं वर एक फेडरेशन. बैठकीत प्रत्येक इमारतीला एक मत. त्यातली एक इमारत एवढी मोठी की निम्म्याहून जास्त खर्च तीच उचलते, तरी मत एकच. शिवाय प्रतिनिधीने बैठकीतल्या बैठकीत 'हो' म्हणायचं नाही. आधी आपल्या इमारतीत जाऊन विचारून यायचं. आणि इमारतीत गेल्यावर कळतं की तिथेही मजल्यामजल्याला विचारावं लागतं.

डच प्रजासत्ताक जवळपास असंच होतं. हॉलंड, झीलंड, उत्रेख्त, गेल्डरलँड, ओव्हरआयसेल, फ्रीसलँड आणि ग्रोनिंगन हे सात प्रांत. त्यांचे प्रतिनिधी द हेगमध्ये ज्या सभेत बसत तिचं नाव स्टेट्स-जनरल. युद्ध, तह, सामायिक कर अशा मोठ्या बाबींना सर्वांची संमती हवी. हॉलंड एकट्याने सामायिक खर्चाचा सुमारे ५८ टक्के भार उचलायचा. (म्हणूनच जगाच्या तोंडी अख्ख्या देशाचं नाव हॉलंड पडलं; बाकीच्या प्रांतांतल्या लोकांना त्याचा राग आजही येतो.) हॉलंडच्या आत १९ मतं होती, १८ शहरांची आणि एक सरदारवर्गाचं. म्हणजे देशाची फौज हलवायची तर निर्णय अखेर एखाद्या छोट्या शहराच्या नगरसभेत अडकू शकायचा. आरमारही एक नाही. पाच वेगवेगळी मंडळं पाच ठिकाणांहून आपापली जहाजं बाळगायची.

मग निर्णय व्हायचे तरी कसे?

एक तर नियम वाकवून. १६४८ साली म्युन्स्टरला स्पेनशी कायमचा तह झाला तेव्हा झीलंडचा त्याला विरोध होता. स्पॅनिश जहाजं लुटण्याचा धंदा तिथे जोरात होता, शांतता कुणाला हवी? तह तरीही झाला. १६६८ साली इंग्लंड आणि स्वीडनशी युती करायची होती. रीतसर सगळ्या शहरांना विचारत बसलो तर फ्रान्सला सुगावा लागेल, म्हणून योहान द विट याने थोड्याच दिवसांत बोलणी उरकली, सह्या झाल्या आणि संमती मागाहून घेतली.

हा द विट हॉलंडचा मुख्य सचिव होता. हे पद कागदावर कारकुनी, प्रत्यक्षात पंतप्रधानासारखं, कारण निम्म्याहून जास्त पैसा त्याच्या प्रांताचा. त्याला तोडीस तोड दुसरं पद म्हणजे स्टाटहाउडर. मूळ अर्थाने राजाचा सुभेदार. राजा गेला तरी सुभेदाराचं पद राहिलं, आता त्याची नेमणूक प्रांत करू लागले. हॉलंड आणि बहुतेक प्रांतांत ते ऑरेंज घराण्याकडे असे आणि फौजही त्याच्याकडे. हॉलंडचे व्यापारी आणि ऑरेंज घराणं यांची ओढाताण हेच या देशाचं अंतर्गत राजकारण. १६१९ साली त्यात ओल्डनबार्नेफेल्ट या सत्तरी ओलांडलेल्या मुत्सद्द्याचं डोकं गेलं. १६५० साली ऑरेंज घराण्यातला स्टाटहाउडर दुसरा विल्यम देवीच्या रोगाने अकाली वारला तेव्हा हॉलंडने स्टाटहाउडर नेमलाच नाही. २२ वर्षं जागा रिकामी ठेवली.

श्रीमंती आली कुठून?

मसाल्यांतून, असं आपल्याला वाटतं. मसाल्यांनी नाव झालं. रोजची भाकरी बाल्टिक समुद्राने दिली. पोलंडकडचं धान्य आणि लाकूड आम्सटरडॅमला आणून पुढे विकायचं, उत्तर समुद्रातली हेरिंग मासळी खारवून निर्यात करायची. त्यांचं 'फ्लाउट' नावाचं मालवाहू जहाज कमी खलाशांत चालायचं, त्यामुळे भाडं स्वस्त. १५८५ साली अँटवर्प स्पेनच्या हाती पडल्यावर तिथले व्यापारी आणि कारागीर भांडवलासकट उत्तरेला आले. आम्सटरडॅमची वस्ती शतकभरात सुमारे ३० हजारांवरून २ लाखांवर गेली.

पण जास्त महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे: राज्याला मिळणारं स्वस्त कर्ज. युद्ध म्हणजे उधारी. जास्त काळ उधार मिळवू शकतो तो टिकतो. स्पेनच्या फिलिपकडे अमेरिकेची चांदी येत होती, तरी १५५७, १५७५ आणि १५९६ साली त्याने सावकारांचे पैसे थकवले. राजाने बुडवलं तर दाद कुणाकडे मागणार? पगार न मिळालेल्या त्याच्या सैनिकांनी १५७६ साली अँटवर्प लुटलं.

हॉलंडमध्ये कर्ज घेणारी सभा आणि कर्ज देणारे लोक बरेचसे एकच होते. नगरसभेत बसणारा व्यापारी स्वतः रोखे विकत घ्यायचा, म्हणून व्याज थकणार नाही याची काळजी तोच वाहायचा. व्याजासाठी ठरावीक करांचं उत्पन्न बांधून ठेवलेलं. त्यामुळे विधवा, अनाथाश्रम, छोटे दुकानदार यांनीही आपली पुंजी त्यात घातली. १६४० साली हॉलंडने आपल्या कर्जाचा दर ५ टक्क्यांवर आणला, १६५५ साली ४ टक्क्यांवर. बहुतेक राजांना हे दर स्वप्नातच. द विट गणिती होता. माणसाच्या आयुर्मानाच्या अंदाजावरून तहहयात वर्षासनाची किंमत कशी काढायची, यावर त्याने १६७१ साली निबंध लिहिला. आजच्या विमा-गणिताची ती सुरुवातीची पायरी.

याची दुसरी बाजू जनतेच्या ताटात दिसायची. दळण, बिअर, मीठ, साबण, जळणाचं पीट, सगळ्यावर कर. आल्बाच्या दहा टक्क्यांसाठी बंड केलेल्या लोकांनी स्वतःच्या राज्यात युरोपातले सर्वांत जड कर भरले. फरक एवढाच की ते आपल्याच नगरसभेने लावलेले होते. 'एवढाच' म्हणतो खरा, पण सगळा फरक तोच होता.

राजा नाही म्हणजे लोकशाही होती का?

नाही. आम्सटरडॅमच्या नगरसभेत ३६ जण होते, तहहयात. एक मेला की उरलेले नवा निवडायचे, बहुधा नात्यातला. या मंडळींना रिजंट म्हणत. पदं कुणाला कधी मिळणार याचे लेखी करार ते आपसांत करायचे. सामान्य माणसाला मत नव्हतं. त्याच्याकडे दंगल होती. १७४८ साली करवसुली मक्त्याने घेणाऱ्यांची घरं लोकांनी फोडली, तेव्हा कुठे मक्तेदारी बंद झाली.

पाण्याशी एकत्र झुंजावं लागतं म्हणून डच लोकांत समतेची भावना आली, असंही सांगतात. बांध सांभाळणारी मंडळं राज्याहून जुनी आहेत हे खरं, आणि आज २१ उरली आहेत, त्यांच्या निवडणुका होतात. तरी त्या काळी तिथे वजन मोठ्या जमीनदारांचंच असायचं. सहकार्याची सवय लागली असेल. समता म्हणवत नाही.

धर्माचंही तसंच. उत्रेख्तच्या कराराने कुणाच्या श्रद्धेची चौकशी करायची नाही असं ठरवलं, आणि त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. पोर्तुगाल-स्पेनमधून पळालेले ज्यू आम्सटरडॅमला वसले. कॅथलिकांना मात्र उघड प्रार्थना करायला बंदी. बाहेरून घर, आत माळ्यावर चर्च, आणि डोळेझाक करणाऱ्या अधिकाऱ्याला ठरलेले पैसे. असं एक माळ्यावरचं चर्च आम्सटरडॅममध्ये आजही बघता येतं.

कंपनी: त्याच साच्यातली

१६०२ साली स्टेट्स-जनरलने पूर्वेकडच्या व्यापारातल्या भांडणाऱ्या कंपन्या एकत्र करून डच ईस्ट इंडिया कंपनी काढली. भांडवल सुमारे ६४ लाख गिल्डर, त्यातलं निम्म्याहून जास्त आम्सटरडॅमचं. संचालक १७. आम्सटरडॅमचे ८, झीलंडचे ४, डेल्फ्ट, रॉटरडॅम, होर्न, एन्खाउझन यांचा एकेक, आणि सतरावा आम्सटरडॅम सोडून बाकीच्यांतून आळीपाळीने. निम्मा पैसा एकाचा, पण बहुमत कुणाचंच नाही. प्रजासत्ताकाची छोटी प्रतच.

या कंपनीला किल्ले बांधायचे, फौज ठेवायची, तह करायचे अधिकार होते. घरी सर्वांच्या संमतीने चालणारे हे लोक बाहेर काय करत, ते आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर दिसलं. जायफळाच्या मक्त्यासाठी कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीटरझोन कून याने १६२१ साली तिथली बहुतेक मूळ वस्ती संपवली. लोक मारले गेले, उपासमारीने मेले, गुलाम करून नेले गेले. डच भरभराटीबद्दल बोलताना हे तळटीपेत ढकलणं मला पटत नाही.

आपल्या किनाऱ्यावर हे लोक पोर्तुगीजांचे वैरी म्हणून आले. १६३६ पासून काही वर्षं दर हंगामात त्यांची जहाजं गोव्याच्या तोंडाशी नाकेबंदी करून उभी राहत. त्याच सुमारास, १६३७ साली, विजापूरच्या आदिलशहाच्या परवानगीने त्यांनी वेंगुर्ल्याला वखार घातली; तिचे भग्नावशेष आजही उभे आहेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फिरंगी, इंग्रज, वलंदेज (म्हणजे डच) अशा टोपीकरांना इतर सावकारांसारखं समजू नका असं बजावलं आहे, कारण त्यांचे धनी राज्यकर्ते आहेत आणि त्यांच्याच हुकमाने ते इथे येतात. वलंदेजांच्या बाबतीत तर हे आणखी पुढचं होतं. त्यांचे राज्यकर्ते आणि सावकार बऱ्याचदा एकाच घरात जेवायचे.

१६७२: सगळं एकदम कोसळलं

फ्रान्सचा चौदावा लुई, इंग्लंड आणि दोन जर्मन बिशप यांनी एकाच वर्षी हल्ला केला. आरमार बळकट होतं, पण जमिनीवरच्या फौजेकडे हॉलंडच्या व्यापाऱ्यांनी काटकसरीपायी दुर्लक्ष केलं होतं. फ्रेंच उत्रेख्तपर्यंत आले. पुन्हा बांध फोडून हॉलंडपुढे पाण्याचा पट्टा उभा केला, तेव्हा ते थांबले. संतापलेल्या जमावाने २० ऑगस्टला द हेगमध्ये योहान द विट आणि त्याच्या भावाला ठार मारून त्यांच्या प्रेतांची विटंबना केली. दुसऱ्या विल्यमचा मुलगा तिसरा विल्यम स्टाटहाउडर झाला. हाच विल्यम १६८८ साली डच आरमार घेऊन इंग्लंडला उतरला आणि तिथला राजा झाला.

मग बुडालं कशाने?

लुईशी पुढे चाळीस वर्षं चाललेल्या युद्धांनी हॉलंडचं कर्ज ३० कोटी गिल्डरच्या वर नेलं. इतर प्रांत आपला वाटा वेळेवर देईनात. १७१५ साली संघाची तिजोरी नऊ महिने बंद राहिली. सुधारणा काय हव्यात हे माहीत असलेला माणूस होता, सिमोन फान स्लिंगेलांट. मध्यवर्ती मंडळाला वसुलीचे अधिकार द्या, असं त्याचं म्हणणं. १७१६-१७ सालच्या खास परिषदेने ते ऐकलं आणि काही केलं नाही. १७२७ साली त्यालाच हॉलंडचा मुख्य सचिव नेमलं, पण घटनेला हात लावणार नाही असं आधी वदवून घेऊन.

यात मूर्खपणा नव्हता. प्रत्येक शहराचा नकाराधिकार हीच त्याच्या रोख्याची हमी होती. ती कोण सोडेल? ज्या व्यवस्थेने सावकाराला निर्धास्त केलं तिनेच राज्याचे हात बांधले. आता इंग्लंडकडे तेवढीच भरवशाची कर्जव्यवस्था होती, शिवाय एक संसद आणि एक आरमार. १७८० ते १७८४ च्या इंग्रज-डच युद्धात डच व्यापाराचं कंबरडं मोडलं. सुधारणा मागणाऱ्या देशभक्त पक्षाला १७८७ साली प्रशियाच्या फौजेने चिरडलं. जानेवारी १७९५ मध्ये गोठलेल्या नद्या ओलांडून क्रांतिकारी फ्रान्सची फौज आली आणि तेव्हाचा स्टाटहाउडर पाचवा विल्यम शेव्हेनिंगेनहून मासेमारीच्या होडीतून इंग्लंडला निघून गेला. तिथून त्याने वसाहतींच्या अधिकाऱ्यांना पत्रं लिहिली की ठाणी इंग्रजांच्या हवाली करा. १६६३ साली पोर्तुगीजांकडून घेतलेलं कोची १७९५ सालीच इंग्रजांकडे गेलं.

फ्रेंचांच्या छायेत १७९८ साली नवी घटना आली. तिने सात प्रांतांची सार्वभौमता मोडली आणि त्यांची कर्जं एकत्र केली. हॉलंडच्या डोंगराएवढ्या कर्जाचा भार आपल्यावर का, म्हणून बाकीचे ओरडले. १८१० साली नेपोलियनने देश फ्रान्सला जोडला आणि सरकारी कर्जाचं व्याज एक-तृतीयांशच मिळेल असं फर्मान काढलं. १८१३ साली पाचव्या विल्यमचा मुलगा शेव्हेनिंगेनच्या किनाऱ्यावर उतरला. १८१५ साली तो राजा झाला. मधल्या १८१४ साली त्याच्या सरकारने कर्जाचे दोन भाग केले. एक-तृतीयांशावर व्याज चालू ठेवलं आणि उरलेल्या दोन-तृतीयांशाला नाव दिलं: 'पुढे ढकललेलं कर्ज'.